कापलेलं गाणं

दुसऱ्या अंकातलं ते गाणं काढलं
उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना.
सकाळी सव्वासातला, पंचेचाळिसाव्या रस्त्यावरच्या
स्वस्त तिकिटांच्या रांगेत
रोझलिन पिन्स्करनं बातमी दिली
सुतकातल्या आवाजात,
आणि थर्मास उघडून आधी स्वतःला कॉफी ओतून घेतली.
सव्वाचार मिनिटांच्या गाण्याला नारळ!

नाटकाचं नाव 'रॉनडाउट'.
हडसन नदीवर बर्फ कापणारी माणसं,
एक घोडा (आत दोघं जण, तरी खरा)
आणि हेस्टर, जिचा नवरा
जानेवारीत बर्फाखाली गेला
तो एप्रिलमध्ये टोपीपुरता परत आला.
गाणं त्या टोपीशी होतं.
ती टोपीला विचारते, कुठे होतास इतके दिवस.
छे, इग्नासिओ म्हणाला, विचारत काहीच नाही,
ती फक्त पान वाढते.

इग्नासिओ एकोणीस वर्षांचा, ब्रॉन्क्सचा,
प्रत्येक तिकीट बुटांच्या खोक्यात ठेवणारा.
ओडेल चार्ल्टन लेक्सिंग्टनवर दारवान,
प्रिव्ह्यू तीनदा पाहिले, तिन्ही वेळा उभ्यानं.
दिवसभर उभाच असतो, म्हणतो, फक्त इथे
दार दुसरं कुणीतरी उघडतं.

आता ते गाणं या जगात
आमच्याशिवाय फारसं कुणाकडे नव्हतं
आणि आमचं एकमत होईना.
शेवटच्या ओळीत सूर वर जातो, ओडेल म्हणाला.
खाली, रोझलिन म्हणाली, तीन पायऱ्या,
तळघरात उतरल्यासारखा.
चौतीस वर्षं तिनं कोर्टात
साक्षीदारांचा शब्द न् शब्द टिपून घेतला होता.
तिच्यासमोर 'मला वाटतं' असं म्हणायची सोय नाही.
मग सगळे माझ्याकडे वळले.

खरं सांगायचं तर त्या रात्री
मी एल्महर्स्टच्या इस्पितळातून
सलग दुसरी नाइट करून आले होते,
आणि पहिल्या अंकानंतर खुर्चीतच
माझा ओंडका झाला होता.
जाग आली ती शांततेनं.
कुणी टाळ्या वाजवत नव्हतं.
शेजारचा अनोळखी म्हातारा
स्वतःची टोपी मांडीवर घेऊन
तिची कड चाचपत बसला होता.
माझ्याकडे एवढंच आहे त्या गाण्याचं.
'खाली,' मी म्हणाले. ओडेल दुखावला.

त्या दुपारी पाहिलं, टोपीच्या जागी
वीस जण करवती घेऊन नाचत होते.
नाच झकास होता, काय करणार.
आमचेही तळहात लाल झाले
आणि बाहेर येऊन आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

उद्घाटनाचं तिकीट आमच्यासारख्यांना कुठलं!
गुरुवारी आम्ही कठड्यापलीकडे, बोचऱ्या वाऱ्यात,
गाड्यांतून उतरणारे रेशमी पाय मोजत.
आत घंटा झाली असेल. दारं मिटली.
ओडेलनं सवयीनं एक पाऊल पुढे टाकलं, मग थांबला.

रात्री दीडला नवव्या अव्हेन्यूवरच्या उपाहारगृहात
फोनवर परीक्षणं आली.
करवतींचं कौतुक. घोड्याचंही.
एकानं लिहिलं, दुसऱ्या अंकात काहीतरी राहून गेलंय,
काय ते नेमकं सांगता येत नाही.
रोझलिननं ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं
आणि चष्मा पुसत राहिली.

मग इग्नासिओनं गुणगुणायला सुरुवात केली,
ओडेल त्याच्या मागून, अर्धा सूर चुकवत.
अंडी घेऊन आलेली बाई तशीच थबकली.
शेवटची ओळ आली आणि दोघंही गडबडले.
तेव्हा मीच म्हटली ती,
आयुष्यात न ऐकलेली,
त्या म्हाताऱ्याची बोटं आठवत,
सूर जाईल तिकडे जाऊ दिला.

रोझलिननं टेबलावर बोट आपटलं.
'हेच,' ती म्हणाली. 'अगदी हेच. लिहून घ्या.'